क्रेडिट नाना

मुरबाडला रेल्वे अजून यायची आहे, पण युरोपातल्या विद्यापीठांची वेळापत्रकं येऊन पोचली आहेत. ती क्रेडिट नानांच्या पिशवीत असतात. नाना एका कॉलेजच्या परीक्षा विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. उभी हयात एटीकेटी, पात्रता फॉर्म आणि ‘निकाल राखीव’ यांत गेली. स्वतःचा पासपोर्ट नाही. त्यांच्या नकाशावर जग कलिनाला संपतं. तिथल्या परीक्षा भवनाच्या खिडकीपुढे ज्याने दिवस काढले, त्याला जर्मनीची भीती कसली घालता, असं ते विचारतात.

असे नाना शहापूरला आहेत, कर्जतलाही असतील. जिथून पोरं पहाटेची एसटी धरून कल्याण गाठतात आणि लोकलला लोंबकळत इंजिनिअर होतात, तिथे एक नाना उगवतोच. तिसऱ्या वर्षाला कॉलेजात नोटीस लागते : निवडक विद्यार्थ्यांना एक सेमिस्टर परदेशात. मग आई तांदळाचे पापड वाळत घालते, बाप कर्जाची चौकशी करतो आणि चुलता म्हणतो, “आधी नानांना दाखव.”

नाना अभिनंदन करत नाहीत. चष्मा पुसतात आणि विचारतात, “समकक्ष काय?”

म्हणजे तिकडे जो विषय शिकणार त्याच्या बदल्यात इकडचा कुठला सुटणार, आणि तसं विभागप्रमुखांनी लिहून दिलंय का? “सर ‘बघू’ म्हणालेत,” असं सांगणाऱ्याला नाना चहासुद्धा विचारत नाहीत. “बघू म्हणणारे सर जूनमध्ये बदलून जातात. सहीचा कागद जात नाही.” आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या आणि 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, याचा नानांना मनापासून अभिमान आहे. पण पुस्ती असतेच : “अख्खी डिग्री तिकडे केली म्हणून निभावलं. एका सेमिस्टरसाठी गेल्या असत्या, तर परत आल्यावर कळलं असतं.”

युरोपात या कामासाठी ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ नावाचा कागद असतो. निघण्यापूर्वी विषयांची यादी करायची आणि त्यावर विद्यार्थी, इकडचं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांनी सह्या करायच्या. हा कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा नानांना गहिवरून आलं. आपल्यासारखा विचार करणारी माणसं तिकडेही आहेत! फक्त एका गोष्टीने ते खट्टू झाले. तिकडून आलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की शिक्क्याची गरज नाही. नानांनी तरीही पोराला कॉलेजचा गोल शिक्का मारून आणायला लावला. “त्यांना नको असेल, पण आपल्याला लागतो.”

पोराच्या बापाला क्रेडिट समजावणं ही नानांची खरी कला. युरोपात वर्षाला साठ क्रेडिट. आपल्याकडे चार वर्षांच्या पदवीला एकशेसाठ धरली तर वर्षाला चाळीस. “म्हणजे तिकडची पायली लहान, काका. त्यांच्या सहा मापल्या की आपल्या चार भरतात.” भाताची खंडी-मण करणारा बाप लगेच मान डोलावतो. मात्र तिकडच्या एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तास धरतात आणि त्यात घरी बसून केलेला अभ्यासही मोजतात, हे ऐकलं की तो पोराकडे वळून बघतो. “घरी बसून केलेला? मंग ह्याचं कसं व्हायचं?”

गुणांचं प्रकरण याहून नाजूक. जर्मनीत एक हा सर्वोत्तम गुण आणि चार म्हणजे काठावर पास. आपल्या गुणांचे त्यांचे गुण करायला बव्हेरियन सूत्र लावतात आणि ते नानांना तोंडपाठ आहे. दहापैकी आठ असतील आणि पास चारला असेल, तर उत्तर दोन येतं. “आठाचे दोन?” बाप उठूनच उभा राहतो. “मधले सहा कोणी खाल्ले?” नाना शांतपणे सांगतात की दहावाल्याचा तर एकच उरतो, आणि चारवाल्याचे चारच राहतात. या सूत्रात काठावर पास होणारा तेवढा सुरक्षित आहे, हे मला फार न्याय्य वाटतं.

2021 साली अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली आणि नानांचा भाव आणखी वाढला. म्हशाच्या जत्रेत बैलाचे दात बघणाऱ्या घोळक्यातून लोक त्यांना बाजूला घेऊन विचारू लागले, की या बँकेची मुरबाडला शाखा कुठे आणि कर्ज देतात का. नाना म्हणतात, “ठेव सात वर्षं राहते. व्याज नाही. जामीनदार लागत नाही, पण अभ्यास लागतो.” घोळका परत दातांकडे वळतो.

नानांचा दोष एवढाच, की पोराला काय शिकायला आवडेल हे ते विचारत नाहीत. विषयाचं नाव सुंदर असलं की त्यांना संशय येतो. प्रत्येकाला दोन जादा विषय हाताशी ठेवायला लावतात, कारण तिकडे पोचल्यावर एक विषय रद्द झालेला असतो आणि दुसरा जर्मनमध्ये शिकवतात असं निघतं. हे मात्र दर वेळी खरं ठरतं. जर्मनीतले हिवाळी वर्ग फेब्रुवारीत संपतात आणि तोवर इकडचं पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं, हेही तिकीट काढण्यापूर्वी त्यांनाच सुचतं.

यंदा टोकावड्याची एक सिव्हिलची पोरगी नॉर्वेला निघाली. तिने विषय निवडला हिमकडे आणि दरडींचा. नाना उखडले. “आपल्या माळशेजात बर्फ कुठाय?”

“दरडी आहेत ना, नाना. दर पावसाळ्यात घाट बंद पडतो.”

नानांनी अभ्यासक्रम मागितला. पहिल्यांदाच तासांच्या रकान्यावरून नजर काढून त्यांनी आतला मजकूर वाचला. उतारावरची माती पाण्याने कशी सुटते, जाळी कुठे ठोकायची. मग म्हणाले, “जिओटेक दोनला समकक्ष. लाव.”

सगळं जुळलं, पण तिकडचे सहा म्हणजे इकडचे चार, आणि जिओटेक दोन निघाला तीनचा. एक क्रेडिट उरलं. त्या एका क्रेडिटने नानांची झोप उडवली. ऐच्छिक विषयात घालता येईल का, अशा अर्जाचे त्यांनी चार मसुदे केले.

“असू दे की, नाना,” पोरीचा बाप म्हणाला, “एक तिकडंच सोडून येईल ती.”

“सोडून?” नाना कडाडले. “पोरगी थंडीत कुडकुडत मिळवणार आणि नॉर्वेला फुकट देणार? विभागप्रमुखांचा नंबर लावा.”