एकदा लावलं की बघायला नको

‘एकदा लावलं की बघायला नको’ असं ज्याच्याबद्दल सांगतात, ते जन्मभर बघावं लागतं. गच्चीला लावलेलं वॉटरप्रूफिंग घ्या, नाहीतर भाच्याला लावून दिलेली नोकरी. आमच्या पुण्यातल्या सोसायटीने या यादीत ग्राउंड कव्हरची भर घातली.

लॉनला पाणी फार लागतं म्हणून सर्वसाधारण सभेत ते उखडायचं ठरलं आणि त्या जागी वेडेलिया नावाचा जमिनीवर पसरणारा वेल आला. पिवळी फुलं, तकतकीत पानं, बारा महिने हिरवागार. लॉन कापावं लागतं, याला ती कटकट नाही, असं लावणाऱ्याने सांगितलं आणि टाळ्या पडल्या. लॉन कापताना त्यातलं तणही सरसकट छाटलं जातं, हे त्या टाळ्यांत राहून गेलं. वेडेलियावर लॉनसारखं मशीन फिरवत नाहीत. खुरपं घालावं तर वेल तुटतात. ग्लायफोसेट हे तणनाशक मारावं तर त्याला आपलं-परकं कळत नाही, सगळंच वाळतं. शिवाय २०२२ पासून ते मारायची मुभा फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांना आहे. राहता राहिली माणसाची दहा बोटं.

ती आमच्या माळीमामांची.

“मामा, इथलं गवत काल काढलं होतं ना?”

“काढलं की.”

“मग हे काय?”

“हे आजचं हाय.”

मामा खोटं बोलत नव्हते. लव्हाळा खरंच रात्रीत डोकं वर काढतो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांत तज्ज्ञ मंडळी त्याला पहिला नंबर देत आली आहेत, आणि तो गवत नाहीच. त्याची दांडी चिमटीत धरून फिरवून पाहा, तीन धारा बोटाला लागतात. गवताची दांडी गोल लागते. उपटला की ‘टुक्’ असा बारीक आवाज होतो आणि आपल्याला वाटतं, मुळासकट आला. हातात येतात चार पानं आणि दोऱ्याएवढं पांढरं शेपूट. काळ्या गाठींची माळ खालीच असते. ही माळ अखंड असेपर्यंत तिच्यातल्या बऱ्याच गाठी झोपून असतात. आपण हिसका देऊन ती तोडली की त्या जाग्या होतात आणि जी ती आपापला स्वतंत्र संसार थाटते. वर चीड आणणारी गोष्ट अशी की, याच्या किंवा याच्या भावकीतल्या गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात आणि त्याचे आपण पैसे मोजतो.

तळमजल्यावरचे काका कृषी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी सभेत उपाय मांडला. सोयाबीनमध्ये क्विझालोफॉप मारतात, त्याने गवतवर्गातलं तण जळतं आणि रुंद पानांचं पीक राहतं. वेडेलियाही रुंद पानांचाच. सभा प्रभावित झाली. “म्हणजे लव्हाळा जाईल?” सेक्रेटरींनी विचारलं. “छे, लव्हाळा गवत कुठंय? जाईल ती हरळी.” यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ताडकन उठल्या. “आणि गणपतीला दूर्वा कुठून आणायच्या?”

प्रश्न बिनतोड होता. अकरा महिने जिच्या नावाने तक्रारवही भरते, ती हरळी भाद्रपदात एकदम मानकरी होते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी अख्खी सोसायटी पिशव्या घेऊन वेडेलियात वाकलेली असते. दूर्वांपाठोपाठ पत्रीतला आघाडा जातो, माकाही जातो. वर्षातली सगळ्यात चांगली खुरपणी तीच, आणि तीही फुकट. फक्त देवाला कोवळी तीन पानी टोकं लागतात, मुळं नकोत, त्यामुळे अनंत चतुर्दशीपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी. काकांचा ठराव बारगळला.

काँग्रेस गवताचं तेवढं कौतुक कोणी करत नाही. हे अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, आणि १९५५ च्या सुमारास ते अभ्यासकांच्या नजरेत भरलं ते पुण्यातच. तेव्हा आमच्याकडे ते पाहुणं नाही, गाववालंच आहे. त्याला फुलं येण्याआधी हातमोजे घालून उपटावं, नाहीतर अंगाला खाज सुटते. सोसायटीने हातमोजे मंजूर केले आहेत. खरेदी व्हायची आहे.

या धामधुमीत वेडेलिया मात्र कुंपण ओलांडून पार्किंगमध्ये आणि तिथून शेजारच्या सोसायटीत पोचला. त्याचा तुटलेला तुकडाही पडेल तिथे मूळ धरतो. चौकशी केली तेव्हा कळलं की, जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींची जी यादी निघाली आहे, तीत याचं नाव आहे. म्हणजे एका तणाला दुसऱ्या तणाचा त्रास होऊ नये म्हणून आम्ही मेंटेनन्स भरतो.

तुम्हाला लावायचंच असेल तर निदान वेडेलिया लावू नका. दुसरं काही लावा, पण आधी एप्रिल-मेमध्ये जमीन खोल खणून उलथून ठेवा. लव्हाळ्याच्या वर आलेल्या गाठी उन्हाने वाळून मरतात. रोपं दाट लावा, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. प्लास्टिक अंथरायच्या भानगडीत पडू नका, लव्हाळ्याची टोकं ते भोकसून वर येतात. आणि बागेच्या अंदाजपत्रकात माळ्याच्या पगाराची ओळ सगळ्यात वर लिहा.