हटन ऑर्बिटल मार्गे कात्रज

‘एलिट डेंजरस’ हा २०१४चा ब्रिटिश व्हिडिओ गेम. त्यात अख्खी आकाशगंगा आहे, चारशे अब्ज तारामंडळं! एका मंडळातून दुसऱ्यात क्षणात उडी मारता येते, पण आत शिरल्यावर अंतर रीतसर कापायचं. अल्फा सेंटॉरीत ‘हटन ऑर्बिटल’ हे काल्पनिक ठाणं मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षांवर. खऱ्या घड्याळात सुमारे दीड तास नाकासमोर जायचं, बस्स. मुरलेले खेळाडू नवख्याला सांगतात, तिथं ‘अ‍ॅनाकोंडा’ यान फुकट मिळतं. बिचारा पोचतो. यान तर नाहीच, पण एवढं मोठं धूड उतरवायला तिथं जागाही नाही.

या दीड तासाचं म्हणे केवढं कौतुक! पुण्यात स्वारगेटहून संध्याकाळी सातला कात्रजच्या बसमध्ये लोंबकळणाऱ्याला सांगून बघा. अंतर पाच-साडेपाच किलोमीटर. देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग २००६ साली याच रस्त्यावर झाला, बस वेगानं जावी म्हणून. (हसू नका.)

शिवाय गेममध्ये परवानगी मागितली की फलाटाचा क्रमांक लगेच पडद्यावर येतो. आपल्याकडे स्टँडवर चौकशीच्या खिडकीत डोकं घालून विचारा, गाडी कुठे लागणार?

“लागली की दिसेल.”