मागच्या बाजूने या

पाथर्डीत दारू कोणी पीत नाही. लग्नाचं स्थळ बघायला गेलं की दोन्हीकडची मंडळी ही गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतात. तरीही कल्याण–विशाखापट्टणम महामार्गाच्या कडेने परमिट रूमचे फलक दिसतात आणि दिवेलागणीनंतर त्यांच्या मागच्या आवारात मोटारसायकल लावायला जागा मिळत नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालायला जायचं नाही, एवढा समजूतदारपणा गावाकडे आहे.

पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा मध्यंतरी आला तो एक नवलाई घेऊनच. कुठल्याशा बड्या हॉटेलात म्हणे गुप्त बार निघालाय. बाहेर पाटी नाही. पुस्तकांचं कपाट दिसतं, ते ढकललं की दार उघडतं. आधी फोनवर सांकेतिक शब्द मिळवावा लागतो. आत मिणमिणता उजेड आणि धूर सोडणारा पेला. "मामा, तुम्हाला एकदा न्यायलाच पाहिजे," तो म्हणाला. मी म्हटलं, कपाट राहू दे, आधी आपल्याकडचं बघ.

आपल्याकडचं म्हणजे दर्शनी भागात चहा, भेळ, मिसळ. गल्ल्यावर मोहटादेवीचा फोटो, तोंड रस्त्याकडे. हात धुवायच्या बेसिनवरून पुढे गेलं की भटारखाना, तिथे कांदे चिरणाऱ्या पोराला ओलांडायचं, मग पत्र्याचं दार. पलीकडे लिंबाचं झाड आणि त्याभोवती पडदे लावलेल्या खोल्या. फलकावर याला 'फॅमिली गार्डन' म्हटलेलं असतं. तिथे फॅमिली मी तरी पाहिलेली नाही. सांकेतिक शब्दही लागत नाही. गल्ल्यावरचा माणूस नुसतं तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "काका, मागं जागा आहे."

पडदा जमिनीपासून वीतभर वर असतो, आणि सगळी गंमत त्या वीतभर जागेत आहे. माणूस झाकला जातो, चपला झाकल्या जात नाहीत. गावात चपलेवरून माणूस ओळखणारे पुष्कळ. अंगठा शिवलेली कोल्हापुरी कोणत्या मास्तरांची, पांढरा बूट कोणत्या पुढाऱ्याचा, हे वेटरच काय, शेजारच्या पडद्याआडचा गिऱ्हाईकही सांगेल. खोकल्यावरून तर सगळेच ओळखतात. पण ओळख दाखवायची नाही, हा इथला पहिला नियम. कोणी खुंटीला माळ अडकवून बसलेला असतो, कोणाचा श्रावण अजून संपायचा असतो. दोघे एकाच वेळी बाहेर पडलेच, तर दोघेही मोबाइल कानाला लावतात. पलीकडे कोणी बोलत नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

भाच्याने हौसेने कॉकटेल मागितलं. वेटर वयाने मोठा होता. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि काळजीने म्हणाला, "कॉकटेल नका करू साहेब. बाधतं. एकच काय ते घ्या." शेवटी सोडा, लिंबू आणि मसाला पापड आला. धूर भटारखान्यातून आपोआप येत होता, त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत.

दडून पिण्याची ही कला मोठ्या शहरांनी शोधून काढली असं भाच्याला वाटत होतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा असे चोरबार निघाले, ते खरंच. न्यूयॉर्कच्या '२१ क्लब'मध्ये तळघराचं दार भिंतीसारखंच विटांचं होतं आणि फटीत लोखंडी सळई घातल्याशिवाय ते उघडत नसे. त्या बंदीवर शिक्कामोर्तब झालं जानेवारी १९१९ मध्ये. त्याच महिन्यात राम गणेश गडकरी गेले आणि त्याच वर्षी त्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. म्हणजे तिकडे बाटली दडवण्याची तयारी सुरू होती आणि इकडे तळीराम भर रंगमंचावर आर्य मदिरा मंडळ चालवत होता. त्याला कपाटाची गरज पडली नाही.

कपाटाची वेळ आपल्यावर आली १९५० साली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली आणि मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या 'आंटी'च्या घरच्या खोल्या हेच बार झाले. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण १९४९ चा दारूबंदी कायदा जागेवरच राहिला. म्हणून तर 'परमिट' हा शब्द आजही फलकावर आहे. पुढे २०१७ च्या एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली, तेव्हा केरळातल्या एका बारने दाराशी नागमोडी वाट बांधून अंतर भरून काढलं. ती बातमी वाचून आमच्याकडच्या काही मालकांचे डोळे चमकले होते. पण काही महिन्यांत शहरी हद्दीला सूट मिळाली आणि एक चांगला भूलभुलैया हुकला.

माझं म्हणणं असं, की पुण्या-मुंबईचं ते कपाट खोटं आहे. तिथे शेजारच्या टेबलावर कोण आहे हे कोणाला माहीत नसतं, मग दडायचं कोणापासून? ज्याला कोणी ओळखत नाही तो दडण्यासाठी जादा पैसे मोजतो. आमच्याकडे वर्गणी मागायला येणारा, सोयरीक जुळवणारा आणि सोसायटीचं कर्ज मंजूर करणारा एकच माणूस असू शकतो, आणि तोच पलीकडच्या पडद्याआड शेंगदाणे खात असतो. इथला पडदा गरजेचा आहे. भले तो वीतभर तोकडा असो.

एका बाबतीत मात्र तो अगदीच कुचकामी. घरी जाताना पुरुष मूठभर बडीशेप खातो, आणि बडीशेपेचा वास आला की घरच्या बाईला सगळं कळतं. एरवी बडीशेप खाण्याची सवय ज्याला नाही, त्याने ती खाऊ नये. आणि बायकांना फार कळू लागलं की काय होतं, तेही राज्यात दिसलं आहे. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्के मारून त्यांनी गावोगावची दुकानं बंद केली आहेत. तेव्हा कोणाचा पडदा कामी आला नाही.

जाता जाता कायद्याचं एक सांगून ठेवतो. महाराष्ट्रात दारू प्यायची तर आजही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांचा, आयुष्यभराचा हजाराचा. पुढच्या वेळी मागे बसलात तर वेटरकडे तो जरूर मागा. त्याला हसू येईल, येऊ द्या. फक्त परवान्यावर आपलं खरं नाव लिहावं लागतं, तेवढं ध्यानात असू द्या.