नाणेकाका

नाणेकाकांना लक्ष्मीपूजनाला बोलवायचं असेल, तर चौरंगावरची चांदीची नाणी आधी कपाटात ठेवावीत, असं सोसायटीतले अनुभवी लोक सांगतात. काका चोर नाहीत, खरं बोलतात एवढंच.

आजेसासूच्या डबीतला १९४४ चा रुपया ते तळहातावर घेतात, भिंग काढतात आणि शांतपणे सांगतात, "वहिनी, अर्धीच चांदी. बाकी तांबं, निकेल, जस्त." वहिनींनी मनातल्या मनात केलेल्या बांगड्या तिथेच मोडतात.

मग काकांना कोणी थांबवू शकत नाही. रुपया म्हणजे तोळाभर वजन, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, हा जुना हिशेब. दुसरं महायुद्ध पेटलं, चांदी आटली आणि १९४० मध्ये सरकारने हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं. लोकही खुळे नव्हते. जुने रुपये त्यांनी गाडग्यात पुरले आणि नवे बाजारात फिरवले. नाण्यांची टंचाई इतकी वाढली की लाहोरलाही टाकसाळ काढावी लागली. तिथल्या रुपयावर बारीक 'एल' असतो. पहिल्या महायुद्धाची तऱ्हा तीच. १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट आली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले. हिंदुस्थानासाठी २५ कोटींहून अधिक! एवढं ऐकेपर्यंत प्रसादाचा शिरा गार होतो.

"दीडशे वर्षांपूर्वीचा राणीछाप आहे, लाखभर तरी येतील ना?" हा प्रश्न काकांना वर्षानुवर्षं छळतो आहे. १८६२ हा आकडा टाकसाळीने १८७४ पर्यंत तसाच छापला, त्यामुळे ते रुपये पोत्याने सापडतात. वय आणि किंमत यांचा संबंध नाही, हे काका स्वतःचं वय विसरून सांगतात. नाणं टूथपेस्टने घासून लख्ख केलेलं दिसलं, की मात्र ते बोलतही नाहीत. नुसतं पाणी मागतात.

काकांची नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत आणि काकूंच्या पाटल्या घरी डाळीच्या डब्यात. विकायचं नाव काढलं तर "अजून संच पूर्ण नाही" हे उत्तर ठरलेलं. पूर्ण कसा होणार? त्यांना १९३९ चा रुपया हवा आहे, जुन्या कसाचा शेवटचा आणि अतिशय दुर्मीळ. १९३८ च्या आठाला कोरून नऊ करणारे कलावंतही बाजारात पुष्कळ, म्हणून ते रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात भिंग घेऊनच जातात.

"काका, एकोणचाळीसचा आलाय!" विक्रेता हाक मारतो. आठ आहे, हे काकांना लांबूनच कळतं. तरी ते उकिडवे बसतात, बराच वेळ पाहतात, परत देतात, आणि रिकाम्या हाताने उठणं बरं दिसत नाही म्हणून १९४५ चे दोन रुपये घेतात.

"हे कुठले?" काकू विचारतात.

"लाहोरचे."

"आणि मागच्या रविवारचे?"

"तेही लाहोरचेच. पण त्यांचा 'एल' जरा पुसट होता."