काय धाड भरली!

आमच्या गावाचं नाव धाड. बुलढाण्याहून निघालेली एसटी मराठवाड्यात शिरण्याआधी आमच्याकडं थांबते. असल्या नावाच्या गावात जन्मलेल्या पोरानं नुकती जोडाक्षरं शिकून पेपर हातात घेतला की काय होतं, ते पुण्या-मुंबईच्या पोरांना कळायचं नाही. ‘जुगाराच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड’, ‘सराफाच्या दुकानावर धाड’, ‘मुंबईत तीन ठिकाणी धाड’! जिल्ह्याचं ठिकाण असून बुलढाण्याचं नाव क्वचित छापून यायचं, आणि आमचं रोज, तेही पहिल्या पानावर. माझी छाती फुगायची. फक्त ‘पोलिसांची धाड’ म्हटल्यावर गाव पोलिसांचं असेल तर आपण इथं भाड्यानं राहतो का, एवढंच कळत नव्हतं.

त्यात आजी दिवसातून चारदा विचारायची, “काय धाड भरली तुले?” शाळा भरते, बाजार भरतो, सैलानीची यात्रा भरते, तशी माणसाच्या पोटात धाडही भरत असणार, असा मी हिशेब लावला होता. कधी भरते आणि कधी सुटते, याची वाट पाहत मी कितीतरी दुपारी पोटावर हात ठेवून पडून राहिलो.

पण खरा घोळ आत्याचा. तिला सासर मिळालं भोकरदनकडचं. आजी आल्यागेल्याला सांगायची, “धाकली मोगलाईत देल्ली.” आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणायची. फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, मोगलाई पलीकडं राहिली आणि आमचं गाव सीमेवर आलं. (अख्खा मुलूखच थकबाकीत गेलेला, आमच्या शेतकऱ्याला कर्जाची सवय लावली कोणी, हे बँकेच्या साहेबांनी एकदा तपासावं.) १९४८ मध्ये निजामशाही संपली, पण आजीपर्यंत तो आदेश पोचला नव्हता.

मी होतो चौथीत. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज, म्हणजे मोगल कोण हे मला पाठ होतं. आपल्या सख्ख्या आत्याला घरच्यांनी शत्रूच्या गोटात दिलं, हे कळल्यावर मी दोन दिवस आजीशी कट्टी घेतली. तेवढ्यात दिवाळीला आत्या मामांना घेऊन आली. मामा धोतर-टोपीतले साधे शेतकरी, पण वेश पालटून येण्यात काय अवघड आहे? मी गुपचूप त्यांची बोटं मोजली. उजव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं!

लाल महाल माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी धावत जाऊन गल्लीत वर्दी दिली, शाहिस्तेखान आमच्याकडं वरणबट्टी खायला बसलाय. पाच मिनिटांत खिडकीच्या गजांना नाकं टेकून बारा मावळे उभे. मामांना वाटलं, पोरं जावई बघायला आलीत. त्यांनी बंडीच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. मोगल गोळ्या वाटतात, हे पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. कडबा कापताना विळ्यानं पेर गेलं, असं आईनं नंतर समजावून सांगितलं. मला काही ते पटलं नाही. खान असा कबूल होतो होय? हल्ली शिकलीसवरलेली माणसं टीव्हीवर बसून शेजाऱ्याची बोटं मोजताना दिसली, की मला माझं चौथीचं दप्तर आठवतं. त्यांना गोळ्या तेवढ्या कोणी देत नाही.

एसटीत आमदारांसाठी राखीव जागेची पाटी असायची. आमदार येणार, उभे राहणार आणि आपण बसलेले दिसणार, या धास्तीनं मी त्या बाकावर कधी टेकलो नाही. पांढरी टोपी चढली की कोपरानं वडिलांना ढोसायचो. वडील म्हणायचे, “तो दूधवाला आहे.” आमदार आज ना उद्या एसटीनं येईल, हा माझा समज काही वर्षं टिकला. ती पाटी रंगवणाऱ्याचा किती वर्षं टिकला असेल, कोण जाणे.

बाकीचं किरकोळ. मोरपिसाला पिल्लं व्हावीत म्हणून पुस्तकात पेन्सिलीचा भुसा घालायचा. बगळ्यांचा थवा दिसला की नखांवर पांढरे ठिपके उमटावेत म्हणून नखावर नख घासायचं. एसटीवर ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ लिहिलेलं वाचून विमानालाही हात दाखवायचा. विमान थांबलं नाही. नंतर पाहिलं, एसटीही थांबत नाही.

परवा नातू टीव्हीसमोर बसला होता. खालून लाल पट्टी सरकत होती, ‘ईडीची धाड’. सुट्टीत नुकताच गावी राहून गेलेला. त्यानं वळून विचारलं, “आजोबा, आपलं गाव ईडीनं कधी घेतलं?”

मी म्हटलं, “थांब बाबा, तलाठ्याकडून सातबारा काढून आणतो.”