भोकपरीक्षा

प्रस्तुत प्रबंधाचा विषय भोक हा आहे. बायझंटाइन सम्राटांवर लिहायला माणसे मिळतात. त्यांच्या डोक्यावर पडलेल्या भोकाला वाली नाही.

त्यांचे सोन्याचे नाणे, म्हणजे सॉलिडस, कोणाचे हे अक्षरांवरून ठरवावे, असा रिवाज आहे. अक्षरे मात्र बेभरवशाची. खाली 'कोनोब' दिसले की नवशिका 'कॉन्स्टँटिनोपल' म्हणून मोकळा होतो. थेस्सालोनिकाची टांकसाळही तेच उमटवी. मागच्या विजयलेखात 'ऑगस्टस'चे तीन 'जी', म्हणजे म्हणे सम्राट तीन. पण अनास्तासिउसच्या नाण्यावरही तीनच, आणि पूर्वेकडे गादीवर तो एकटा. जस्टिन आणि जस्टिनियन शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर मात्र नाणे ५२७ सालच्या एप्रिल ते ऑगस्टमधले. तेवढेच महिने ही जोडी टिकली. असे नाणे हाती आल्यास चहाचा कप लांब ठेवावा.

सॉलिडस भारतात नांदला की नाही, ते भोकच सांगते. दक्षिणेत सापडलेल्या कित्येक सॉलिडसांना दोन भोके आहेत, तीही सम्राटाच्या डोक्याच्या वर. एक पाडले तर स्वामी दोऱ्यावर गिरक्या घेतात. दोन पाडली की सरळ राहतात. सोनाराला सम्राटाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण चेहरा वाकडा लोंबू नये याची काळजी त्याने घेतली. संग्राहक भोक पाहून किंमत पाडतात, हे मला अरसिकपणाचे वाटते.

आता माथेरान रोडवरच्या सुकापुरातले प्रकरण. एका सोसायटीत आजींच्या माळेतली पुतळी निघाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ती बायझंटाइन ठरवली. सराफाने काट्यावर टाकली: साडेतीन ग्रॅम. कॉन्स्टंटाइनचा सॉलिडस एका रोमन रत्तलात ७२ बसे, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. साडेतीनची जात व्हेनिसची, १२८४ पासूनची. गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि त्याला निशाण देणारा संत मार्क. आमच्या सोनारांनी नकला करता करता त्यांच्या नुसत्या रेघा केल्या. शिवाय पुतळीला भोक नव्हतेच, कडी झाळलेली होती.

काकांनी शेवटचा बुरूज लढवला: सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने कल्याणला बिशप असल्याचे लिहिले आहे, मग बिशप काय रिकाम्या खिशाने आला होता?

"काका," सराफ म्हणाला, "कडीची घट धरू की नको, तेवढं सांगा."