आडनाव पेणकर, हाक सॅम्युअल

"वहिनी, गहू नंतर निवडा, आधी कुंपणाशी या. कोपऱ्यावरच्या बंद घरात भाडेकरू आले की!"

"पाटी वाचली मी. पेणकर. पण पोराला हाका मारतात 'सॅम्युअल'. वसईकडचे ख्रिश्चन असणार."

"वसईचे बहुतेक परेरा, लोपीस, डिसोझा. पोर्तुगीजांच्या पाद्र्यांनी बाप्तिस्म्याबरोबर आडनावंही दिली त्यांना. पेणकर कसे होतील?"

"मग बाटलेले?"

"अहो, हळू! दाराच्या चौकटीला तिरकी डबी ठोकलीय, पाहिलीत? मेझुझा म्हणतात तिला. बेने इस्रायली आहेत, आपल्या कोकणातले ज्यू."

"ज्यू? त्या बाईंच्या गळ्यात तर मंगळसूत्र!"

"घालतात त्यांच्यात. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. मग तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनिवार तेली. ज्या गावी राहिले त्याचंच आडनाव: रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो? तो डेव्हिड. त्याचं आडनाव चेऊलकर."

"अगं बाई! मला तो गोव्याचाच वाटायचा."

"पूर्वी तर नावावरूनही ओळखू आले नसते. सॅम्युअलचं समाजी, बेंजामिनचं बनाजी. सॅम्युअल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणायचे. लष्करात होते, टिपूच्या कैदेतून सुटले आणि 1796 साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. लोकलचं मस्जिद स्टेशन आहे ना, ते नाव त्यावरूनच पडलं म्हणतात."

"ज्यूंचं देऊळ, नाव मस्जिद! पण ही मंडळी इथे बेलवलीत कशी?"

"बरेच जण कधीच इस्रायलला गेले. राहिलेल्यांतले पुष्कळ ठाण्यात, तिथे 1879 चं सिनेगॉग आहे. पण ठाण्याचे भाव ऐकले की माणूस बदलापूरचीच गाडी पकडतो. आपण नाही का आलो?"

"तरी माझा अंदाज सहसा चुकत नाही हो. आडनावाच्या शेवटी 'णी' आला की सिंधी, डोळे मिटून सांगावं. एवढं उल्हासनगर शेजारी आहे आपल्या."

"असं? तुमचं माहेरचं आडनाव काय?"

"कुलकर्णी."

"..."

"हसू नका हो! मी आपलं ढोबळमानाने म्हटलं."

"बरं, भेटायला रविवारी जाऊ. शनिवारी नको, त्यांचा शब्बाथ असतो. त्यांच्या मलिद्याचं विचारायचंय मला. पोहे, गूळ, ओला नारळ घालतात, एवढं ठाऊक आहे."

"मी सोलकढी घेऊन येते."

"या. फक्त जातपात विचारू नका हं तिथे."

"नाही विचारत. भाडं किती देतात, तेवढं विचारू ना?"

"ते मी विचारणार आहे."